इम्पॅक्ट फॅक्टर ७.८५६ की ०.९ : पेपर कुठे पाठवायचा?

मॅडम, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात तुम्ही प्राणिशास्त्र शिकवता. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर तीन हंगाम काम केलंत, शेतात कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावले, डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली फुलं) मोजल्या, हिरवी बोंडं फोडून पाहिली. गाइडसोबत पेपर लिहून तयार आहे. डिसेंबर २०२५ मध्ये एका जर्नलचा मेल आला : इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलातल्या लेखांचा इतरांनी सरासरी किती वेळा उल्लेख केला तो आकडा) ७.८५६ (२०२५), फी साडेचार हजार, आठ दिवसांत प्रकाशन आणि प्रमाणपत्र. गाइड मात्र म्हणतात की कीटकशास्त्राच्या एका जुन्या भारतीय जर्नलला द्या. त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर ०.९ आणि उत्तर यायलाच सहा-आठ महिने. पुढच्या वर्षी तुमची प्लेसमेंट, म्हणजे वरच्या श्रेणीत बढती. आठपट प्रभाव असलेलं जर्नल सोडून लहान जर्नलकडे का जायचं, हा तुमचा सवाल.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका कॉलेजात २७ वर्षं ग्रंथपाल आहे. पीएचडी करणारे आणि प्लेसमेंटच्या फायली बांधणारे, दोघांच्याही प्रकाशनांच्या याद्या तपासायला माझ्याकडे येतात. कीटकशास्त्र माझा विषय नाही, त्यामुळे तुमचा पेपर किती तोलाचा आहे हे मी सांगू शकत नाही; ते गाइडच सांगतील. जर्नलला लावलेल्या आकड्यांबद्दल मात्र बोलू शकतो. आणि तुमच्या प्रश्नात खरे प्रश्न दोन आहेत. हा ७.८५६ खरा आहे का? आणि खरा असता, तरी त्यावरून तुमच्या पेपरची जागा ठरवावी का?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. तो खरा नाही, आणि हे मी जर्नलचं नाव न पाहता सांगतोय.

इम्पॅक्ट फॅक्टर हे शब्द आज कोणीही वापरतं. पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आणि विद्यापीठाच्या कागदांत ज्याला इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतात तो एकच : जर्नल सायटेशन रिपोर्ट्स या वार्षिक अहवालात येणारा. पूर्वी तो थॉमसन रॉयटर्सकडे होता, २०१६ पासून क्लॅरिव्हेट या कंपनीकडे आहे. अहवाल जूनच्या सुमारास येतो आणि आदल्या वर्षाचा आकडा देतो. म्हणजे २०२५ चा इम्पॅक्ट फॅक्टर २०२६ च्या मध्याशिवाय निघूच शकत नाही. तुम्हाला मेल आला तेव्हा २०२५ साल संपलंही नव्हतं. दुसरी खूण दशांशाची. पूर्वी हे आकडे तीन दशांशांपर्यंत छापत. २०२३ च्या अहवालापासून एकच दशांश ठेवला आहे, कारण तिसऱ्या दशांशावरून जर्नलांची क्रमवारी लावण्यात काही अर्थ नव्हता. ताज्या वर्षाच्या नावावर तीन दशांशांचा आकडा दिसला की तो त्या अहवालातला नाही, एवढं पक्कं समजा. पैसे घेऊन कुठल्याही जर्नलला असा आकडा काढून देणारे लोक आहेत. इम्पॅक्ट फॅक्टर या शब्दांमागे ते एखादं भारदस्त विशेषण जोडतात आणि प्रमाणपत्रावर छापतात.

यात मी स्वतः चुकलो आहे, म्हणून इतक्या कळकळीने लिहितोय. २०१७ मध्ये यूजीसीने मान्य जर्नलांची मोठी यादी काढली होती. आमच्या एका सरांचे चार पेपर त्या यादीतल्या जर्नलांमध्ये आले होते. यादीत नाव आहे एवढं पाहून मी पडताळणीच्या कागदावर सही केली. जर्नल उघडून पाहिलं नाही. मे २०१८ मध्ये यूजीसीने यादीतून ४३०५ जर्नलं एका झटक्यात काढली, त्यात सरांची तीन होती. पुढे त्यांतल्या एकाची वेबसाइटच बंद पडली. पेपर आज कुठेही वाचायला मिळत नाही. ते काम चांगलं होतं, दोन उन्हाळे विहिरींचं पाणी तपासून केलेलं. त्याच वर्षी भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी करंट सायन्समध्ये या यादीची तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या जर्नलांपैकी त्यांनी तपासलेली ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची निघाली. मग यूजीसीचीच नवी, केअर नावाची यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केल्याचं जाहीर केलं. आता पारखायचं काम संस्थेवर आणि आपल्यावर आहे. त्यामुळे आकडा कसा बनतो हे प्रत्येक शिक्षकाला कळायला हवं.

आकडा काढणं सोपं आहे. समजा एका जर्नलने २०२२ मध्ये ६० आणि २०२३ मध्ये ४० संशोधन लेख छापले. त्या शंभर लेखांचा २०२४ मध्ये, त्या अहवालासाठी पाहिल्या जाणाऱ्या जर्नलांतून, १२० वेळा उल्लेख झाला. १२० भागिले १००, म्हणून २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर १.२. बस, एवढंच. यात एक बारीक गोष्ट आहे. खाली शंभर धरताना फक्त संशोधन लेख आणि आढावा लेख मोजतात. संपादकीय, पत्रं, बातम्या मोजत नाहीत. पण त्या संपादकियाचा कोणी उल्लेख केला तर तो वरच्या १२० मध्ये धरला जातो. ज्या जर्नलात चर्चा, टिपणं आणि मतं जास्त छापतात त्यांना याचा आपोआप फायदा होतो.

आता ही सरासरी आहे, हे नीट लक्षात घ्या. तुमच्याकडे बाजार समितीच्या फलकावर कापसाचे तीन भाव लिहितात : किमान, कमाल आणि सर्वसाधारण. शेतकरी तिन्ही पाहतो, कारण आपल्या गाडीला सर्वसाधारणच भाव लागेल असं कोणी धरून चालत नाही. ओलावा बघतात, धाग्याची लांबी बघतात, कवडी (किडका कापूस) किती ते बघतात. जर्नलच्या फलकावर मात्र एकच भाव लिहिलेला असतो आणि त्या जर्नलातला प्रत्येक जण तो आपल्या पेपरचा भाव म्हणून सांगतो. प्रत्यक्षात सायटेशनची, म्हणजे उल्लेखांची, वाटणी फार विषम असते. पेर सेग्लेन या नॉर्वेच्या संशोधकाने जीवरसायनाच्या जर्नलांची तपासणी केली होती. सर्वाधिक उल्लेख झालेल्या १५ टक्के लेखांकडे एकूण निम्मी सायटेशन्स होती, आणि वरच्या निम्म्या लेखांकडे ९० टक्के. म्हणजे उरलेल्या निम्म्या लेखांच्या वाट्याला फक्त १० टक्के. इम्पॅक्ट फॅक्टरवरून एकेका संशोधनाची पारख करू नका, असं त्यांनी १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये स्पष्ट लिहिलं.

एकाच लेखाने काय होतं त्याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण स्फटिकशास्त्रातलं आहे. ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ मध्ये २.०५१ होता. २००९ मध्ये तो ४९.९२६ झाला. जर्नल एका वर्षात चोवीसपट सुधारलं का? नाही. जॉर्ज शेल्ड्रिक यांनी २००८ मध्ये तिथे शेलेक्स या संगणक-प्रणालीच्या इतिहासावर एक लेख लिहिला. स्फटिकाची रचना सोडवणारे जगभरचे लोक ती प्रणाली वापरत, त्यामुळे हजारोंनी त्या एका लेखाचा उल्लेख केला. त्याच अंकात बाजूच्या पानावर ज्यांचा लेख होता, त्यांचं काम जसं होतं तसंच राहिलं.

आणि विषयाविषयांत तर तुलनाच करू नये. पेशीजीवशास्त्रात शेकडो प्रयोगशाळा एकाच प्रश्नामागे असतात, लेख झपाट्याने येतात, प्रत्येकाच्या शेवटी पन्नास-साठ संदर्भ. गणितात संदर्भ थोडे, आणि एखाद्या सिद्धतेचा उल्लेख पंधरा वर्षांनी होतो. इम्पॅक्ट फॅक्टर तर फक्त मागची दोन वर्षं पाहतो. कीटकशास्त्राचंही तसंच काहीसं आहे. तुमचा सापळ्यांचा हंगाम जुलैपासून फरदड (हंगामानंतरही ठेवलेली कपाशी) निघेपर्यंत चालतो. तुमचा पेपर वाचून कोणी तसाच प्रयोग करायचं ठरवलं तर त्याला पुढच्या खरिपाची वाट पाहावी लागणार, मग दोन-तीन हंगाम नोंदी, मग लिखाण. तोवर इम्पॅक्ट फॅक्टरची दोन वर्षं केव्हाच सरलेली असतात. म्हणून ०.९ हा आकडा पेशीजीवशास्त्रात लहान दिसेल, पण शेतातल्या कीटकांवर लिहिणाऱ्या जर्नलला तो लाजिरवाणा नाही. तुलना करायची तर कीटकशास्त्राच्याच दुसऱ्या जर्नलांशी करा. त्यासाठीच चतुर्थक पाहतात, म्हणजे एका विषयातल्या जर्नलांचे क्रमाने केलेले चार भाग, क्यू १ (सर्वांत वरचा) ते क्यू ४. त्यातही क्लॅरिव्हेटचं चतुर्थक वेगळं आणि सिमागो या जर्नलांची क्रमवारी देणाऱ्या वेबसाइटचं वेगळं असू शकतं. कोणतं सांगितलंय ते विचारा.

तुमच्याच विषयाजवळचा एक प्रसंग सांगतो. झूटॅक्सा हे प्राण्यांच्या वर्गीकरणाचं जर्नल, नव्या प्रजातींची वर्णनं तिथे फार मोठ्या संख्येने येतात. २०२० मध्ये क्लॅरिव्हेटने त्याला इम्पॅक्ट फॅक्टर देणं थांबवलं, कारण त्यात त्याच जर्नलच्या जुन्या लेखांचे उल्लेख फार दिसले. स्वतःच स्वतःचे उल्लेख वाढवून आकडा फुगवणारी जर्नलं असतात, त्यांना चाप लावायचा म्हणून हा नियम. पण वर्गीकरण करणाऱ्याला आधीची वर्णनं सांगावीच लागतात, आणि ती झूटॅक्सातच असतात! जगभरच्या वर्गीकरणतज्ज्ञांनी तक्रार केली आणि काही आठवड्यांत निर्णय मागे घेतला गेला. माझ्या मते इथे शिकण्यासारखं हे की आकडा वाचायला तो विषय माहीत असलेला माणूस लागतो.

हे सगळं सुरू कुठून झालं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते माझ्या टेबलाशी जोडलेलं आहे. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या पोमोना कॉलेजच्या ग्रॉस आणि ग्रॉस यांच्यापुढे प्रश्न होता की लहान कॉलेजच्या ग्रंथालयाने रसायनशास्त्राची कोणती जर्नलं घ्यावीत. पैसे थोडे, जर्नलं पुष्कळ. त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलचा १९२६ चा खंड घेतला आणि त्यातल्या लेखांनी कोणत्या जर्नलांचे उल्लेख केले ते मोजलं : ३६३३ उल्लेख. ज्यांचे जास्त, ती आधी घ्यायची. पुढे युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये सायन्समध्ये सायटेशन इंडेक्सची कल्पना मांडली, साठच्या दशकात सायन्स सायटेशन इंडेक्स काढला आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून जर्नल सायटेशन रिपोर्ट्स निघू लागले. मूळ काम कपाटात कोणतं जर्नल ठेवायचं हे ठरवण्याचं होतं. त्या कामाला हा आकडा आजही बऱ्यापैकी चालतो. माणसाची पदोन्नती त्याने ठरू लागली, ते नंतर.

ग्रॉस यांचा प्रयोग मी आमच्याकडे करून पाहिला आहे. तेव्हा ग्रंथालयाचं अनुदान कमी झालं होतं आणि काही जर्नलांची वर्गणी थांबवावी लागणार होती. मी आमच्या शिक्षकांचे प्रबंध आणि पेपर घेतले, शेवटच्या संदर्भयाद्या वहीत उतरवल्या, पेन्सिलने रेघा मारत बसलो. दोन महिने लागले. ज्या परदेशी जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर आमच्या कपाटात सर्वांत मोठा होता त्याचा उल्लेख पाच वर्षांत एकदा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं पीकेव्ही रिसर्च जर्नल मात्र पानोपानी. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे अहवालही तसेच. का, ते उघड आहे : काळ्या जमिनीतली कोरडवाहू कपाशी, आपल्याकडचा पाऊस, आपल्याकडची कीड, यांचे आकडे तिथेच होते. आणि पुन्हा पुन्हा ज्या लेखांचा उल्लेख आला, त्यांतल्या बहुतेकांत हंगामभराच्या नोंदींचे सविस्तर तक्ते होते. निष्कर्ष सगळेच लिहितात. लोक परतून येत होते ते तक्त्यांसाठी.

आमच्या मराठी विभागातल्या मॅडम रिद्धपूरच्या महानुभाव पोथ्यांवर काम करतात. त्यांचे लेख मराठी नियतकालिकांत येतात, आणि या मोठ्या डेटाबेसांत मराठी नियतकालिकं जवळजवळ नाहीतच. तिथे इम्पॅक्ट फॅक्टर शोधू नका; तो नसणं म्हणजे काम हलकं असणं नव्हे.

आता प्लेसमेंट. तुमची काळजी मी कमी लेखत नाही, घर त्यावर चालतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे गुण आहेत : रेफरीड (तज्ज्ञांकडून तपासून छापणाऱ्या) पण इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या जर्नलला ५, एकपेक्षा कमीला १०, १ ते २ ला १५, २ ते ५ ला २०, ५ ते १० ला २५, दहाच्या वर ३०. हा आकडा थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणे धरायचा असंही तिथे लिहिलंय. ती यादी म्हणजे आजची क्लॅरिव्हेटची. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. म्हणजे ७.८५६ खरा असता तर या तक्त्याने तुम्हाला ०.९ पेक्षा साडेदहा गुण जास्त मिळाले असते. आहे त्या स्थितीत समितीत एकाही सदस्याने यादी उघडली तर तो पेपर बाद, आणि तोच मजकूर पुन्हा दुसरीकडे देताही येणार नाही. तीन हंगामांच्या नोंदी साडेचार हजार रुपये देऊन घालवल्यासारखं होईल. नियम बदलतात, तुमच्या प्लेसमेंटला कोणते लागू होतील ते तुमच्या नियुक्तीच्या आणि पात्रतेच्या तारखांवर अवलंबून आहे; अमरावती विद्यापीठाकडून चालू परिपत्रक घ्या. तुम्ही कृषी महाविद्यालयात असता तर नासचं (राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीचं) मानांकन पाहावं लागलं असतं, त्याचा हिशेब निराळा.

थोडक्यात इथवरचं : मेलमधला आकडा खोटा, खरा आकडा असला तरी तो जर्नलची सरासरी, आणि ०.९ हा तुमच्या विषयात ठीक. आता गाइडनी सुचवलेलं जर्नलही डोळे मिटून घेऊ नका. मी काय तपासतो ते सांगतो. क्लॅरिव्हेटची मास्टर जर्नल लिस्ट फुकट पाहता येते. तिथे नाव टाकू नका, आयएसएसएन क्रमांक टाका, कारण मिळत्याजुळत्या नावांची जर्नलं असतात आणि चांगल्या जर्नलच्या नावाने खोट्या वेबसाइटही असतात. आयएसएसएन असणं हा दर्जाचा पुरावा नव्हे, तो फक्त ओळख-क्रमांक आहे. स्कोपस या दुसऱ्या मोठ्या सायटेशन डेटाबेसची स्रोत-यादीही फुकट आहे. जर्नल अजून तिथे चालू आहे की समावेश थांबवलाय ते पाहा. सिमागोवर मागच्या वर्षांचा आलेख पाहा, अचानक उंच सुळका दिसला तर कारण शोधा.

यानंतरची तपासणी आकड्यांची नाही आणि मला तीच जास्त भरवशाची वाटते. मागचे चार अंक उघडा. त्यांत कापसाच्या किडींवर लेख आहेत का? संपादक मंडळातल्या दोन नावांना त्यांच्या संस्थेच्या वेबसाइटवर शोधा. ते तिथे आहेत का, आणि या जर्नलचा उल्लेख करतात का? तुमच्या स्वतःच्या संदर्भयादीत हे जर्नल किती वेळा आलंय ते मोजा. चार-पाच वेळा आलं असेल तर तुमचे वाचक तिथेच आहेत. एकदाही आलं नसेल तर गाइडना विचारा की मग इथेच का.

वेळेबद्दल : सहा-आठ महिने जास्त नाहीत. समीक्षकाला पेपर वाचायला, शंका काढायला आणि तुम्हाला दुरुस्तीला वेळ लागतो. आठ दिवसांत छापणाऱ्याने तो वाचलेला नसतो. प्लेसमेंटची तारीख जवळ असेल तर आजच पाठवा. स्वीकृतीचं पत्र चालतं का ते विद्यापीठात आधी विचारून ठेवा, सगळीकडे सारखं नसतं.

आणखी एक, विचारलं नसतानाही सांगतो. २०१७ च्या हंगामात बोंडअळीने विदर्भात काय केलं ते तुम्ही पाहिलं असेल. आज आमच्या गावातला शेतकरीसुद्धा म्हणतो, "सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग आले म्हंजे फवाऱ्याचं पाहा लागते बावा." हा आकडा कोणाच्या तरी नोंदींतून आला. तो शेतकरी कोणाचाही संदर्भ देणार नाही, आणि कुठल्याही डेटाबेसात ते उमटणार नाही. म्हणून पेपर स्वीकारला गेला की त्यातलं दोन पानी मराठी टिपण कृषी विभागाच्या शेतकरी मासिकाला द्या. जर्नलचे हक्काचे नियम वाचून, स्वतःच्या शब्दांत लिहून द्या. गुण फारसे मिळणार नाहीत.

पेपरमधून मात्र एक गोष्ट वगळू नका. जागा कमी पडते म्हणून पुष्कळ जण आठवडावार नोंदी काढून फक्त सरासरी ठेवतात. तुम्ही तिन्ही हंगामांचा तक्ता पूर्ण द्या, सापळानिहाय, गाव आणि पेरणीच्या तारखेसह. अंकात मावत नसेल तर पुरवणी म्हणून जोडा. पाच-सात वर्षांनी कोणी दारव्ह्यात किंवा आर्णीत हेच काम करायला घेईल, तेव्हा तो तुमचा पेपर त्या तक्त्यासाठी उघडेल.